बुंदी आवाजांना घाबरते, दिवाळीपर्यंत काय काय करता येईल?

कडुलिंब | ९ जुलै

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बुंदी नावाची देशी कुत्री आहे, साधारण दोन वर्षांची. गेल्या हिवाळ्यात हिंगणा रोडवरच्या एका गोडाऊनच्या चौकीदाराकडून आली. त्याआधी ती कुठे होती, कशी होती, ते त्यालाही धड सांगता येईना. घरात अतिशय गुणी. पण कुकरची शिट्टी झाली की दिवाणाखाली. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की दिवाणाखाली. परवा रात्री ढग गडगडले तर बाथरूममध्ये कमोडच्या मागे जाऊन बसली. पहाटेपर्यंत थरथर, लाळ, धाप. फिरायला गेटपर्यंत येते, पण रस्त्यावर एखादी बुलेट फटफटली की घराकडे अशी ओढते की माझा खांदा निखळायचाच बाकी राहतो.

आम्ही नागपुरात प्रतापनगरला राहतो, विमानं डोक्यावरूनच जातात. पुढे पोळा, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, मग गणपती, मग दुर्गा, मग दिवाळी. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, नवरा म्हणतो सवय होईल. एका ट्रेनरने फोनवर सांगितलं की तिला मुद्दाम डीजेजवळ नेऊन उभं करा, दोन तासांत भीती मोडते. मला ते काही पटून नाही राहिलं. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

सावजी_रस्सा | ९ जुलै

ताई, त्या ट्रेनरचा नंबर पयले डिलीट करा. आमच्या महाल भागात एका भैताडानं त्याच्या पोमेरियनला असंच ढोलापाशी बांधून ठेवलं होतं. ते बिचारं पट्ट्यातून डोकं काढून जे पळालं ते थेट मानेवाड्याले सापडलं. भीती नाई मोडली, पट्टा मोडला.

धंतोली_१९५८ | १० जुलै

आमच्या लहानपणी धंतोलीत प्रत्येक वाड्यात कुत्रं असायचं. शिळी पोळी खायचं, अंगणात झोपायचं. त्याच्या मनाची चौकशी कोणी करत नसे आणि त्याचंही काही अडत नसे. आता कुत्रं दिवाणखान्यात आलं, सोफ्यावर आलं आणि त्याला चिंता जडल्या. माझं मत स्पष्ट सांगतो. घाबरल्यावर जवळ घेतलं, कुरवाळलं की त्याला वाटतं घाबरणं बरोबर आहे. दुर्लक्ष करा. घरातला म्होरक्या कोण हे त्याला कळलं पाहिजे, लांडग्यांच्या कळपातही तसंच असतं. वाईट वाटून घेऊ नका.

निळी_छत्री | १० जुलै

काका, वाईट कशाला वाटेल. पण अंगणातलं कुत्रं घाबरलं की गल्ली ओलांडून कुठेही पळू शकत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं कुठे जाणार? म्हणून ते दिवाणाखाली जातं. तेव्हाची कुत्री घाबरत नव्हती असं नाही, ती घाबरल्यावर आपल्यासमोर नसायची.

जवळ घेतल्याने भीती वाढते हे मीही ऐकत आले. पण भीती म्हणजे काही 'बस' किंवा 'शेकहँड' नाही, की खाऊ मिळाला म्हणून कुत्रं ती पुन्हा करून दाखवेल. बुंदी ठरवून थरथरत नाही. ती बिलगली तर बिलगू द्यावं. तिला दिवाणाखालीच बरं वाटत असेल तर ओढून बाहेर काढू नये. म्होरक्याची कल्पना आली ती रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये कोंडून ठेवलेल्या लांडग्यांबद्दल जे लिहिलं त्यातून. ती पुढे लोकांपर्यंत नेणाऱ्यांपैकी एक होते लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच. त्यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. दादागिरी करून कोणी तिथे म्होरक्या होत नाही.

कडुलिंब, ट्रेनरचं अजिबात ऐकू नका. ज्याची भीती त्याच्यातच उभं केलं की काही कुत्री अर्ध्या तासाने गप्प होतात. बघणाऱ्याला वाटतं, शिकली. सुटायचा प्रयत्न सोडून दिलेला असतो फक्त.

आता कामाचं. सगळ्यात आधी बुंदीचं अंग वाचायला शिका. थरथर, लाळ ही फार पुढची पायरी. त्याच्या कितीतरी आधी ती सांगत असते: भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, कान मागे, शेपूट खाली, एक पाय उचलून थिजणं, पाणी नसताना अंग झटकणं. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे आवडीचा खाऊ समोर धरला तरी न खाणं. खात नसेल तर त्या क्षणी शिकवणं बंद. अंतर वाढवा, आवाज कमी करा किंवा घरी या. भीतीचा उंबरठा ओलांडल्यावर कुत्रं काही शिकत नाही.

दुसरं असं की या गोष्टी साठत जातात. सकाळी शिट्टी, दुपारी कुरियरवाला, चार वाजता विमान, प्रत्येक वेळी माठात एकेक तांब्या पडत असतो. मग संध्याकाळी पोराच्या हातातून वाटी पडते आणि कुत्रं अंगावर येतं. लोक म्हणतात, वाटीला कोण घाबरतं! म्हणून पहिले दोन-तीन आठवडे काहीच 'शिकवू' नका. माठ रिकामा होऊ द्या. कुकर लावायचा तेव्हा नवऱ्याला बुंदीला घेऊन गच्चीवर पाठवा. रस्ता झेपत नसेल तर रस्ता बंद. कुत्र्याला रोज फिरायला न्यायलाच हवं हे खरं, पण ती रोज घाबरून परत येत असेल तर त्या फिरण्याचा उपयोग काय? त्याऐवजी जुन्या टॉवेलच्या घड्यांत तिचे दाणे लपवा, हुंगून शोधू द्या. स्टीलच्या ताटलीत घट्ट दही पसरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि चाटायला द्या. हुंगणं आणि चाटणं, दोन्हींनी कुत्री निवतात.

गाडी असेल तर पहाटे सिव्हिल लाइन्सच्या आतल्या रस्त्यांवर न्या. रुंद रस्ते, झाडी, माणूस लांबूनच दिसतो. फुटाळा तलावावर मात्र नको, तिथे गर्दी असते.

गोठ्यातला_डॉक्टर | ११ जुलै

मी निवृत्त पशुवैद्य. नोकरी गाई-म्हशींत गेली, घरात मात्र कायम कुत्री. छत्रीताईंनी छान लिहिलं आहे, पण क्रम थोडा बदला. आधी तपासणी. कान, दात, कंबर, गुडघे, रक्त. दुखणं असलेलं कुत्रं आवाजाला जास्त दचकतं. दचकलं की स्नायू आवळतात, दुखऱ्या जागी कळ जाते आणि आवाज आणि कळ यांची गाठ बसते. २०१८ मध्ये यावर एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात दुखणं असलेल्या कुत्र्यांची आवाजाची भीती जास्त वयात सुरू झालेली दिसली. म्हणून एखादं सात-आठ वर्षांचं कुत्रं अचानक फटाक्यांना घाबरायला लागलं तर आधी सांधे बघा. बुंदी तरुण आहे, तरी बघा. तुमचा नेहमीचा डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहेच.

औषधांबद्दल लोकांच्या मनात अढी असते, 'गोळ्या देऊन गुंगीत ठेवणार का?' म्हणून. रात्रभर लाळ गाळत बसणाऱ्या जनावराला औषध नाकारण्यात कसली शूरता? दोन प्रकार असतात. एक रोज द्यायचं, फ्लुओक्सेटीनसारखं. ते माणसांनाही देतात, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. म्हणजे दिवाळीसाठी धनत्रयोदशीला डॉक्टरकडे जाऊन ते मिळणार नाही, विचार आत्ताच करायचा. दुसरं त्या-त्या प्रसंगापुरतं द्यायचं. ते आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघायचं असतं, कारण एखाद्या कुत्र्यावर उलटाही परिणाम होतो. आणखी एक. फटाक्यांसाठी नुसतं एसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध कोणी लिहून दिलं तर प्रश्न विचारा. त्याने अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. कुत्रं हलत नाही म्हणून घरच्यांना वाटतं शांत झोपलं आहे. घरातल्या आजीची झोपेची गोळी अर्धी करून देणाऱ्यांना मी हात जोडतो.

डोस इथे विचारू नका, सांगणार नाही.

कडुलिंब | २१ जुलै

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचं ऐकून तपासणी केली. उजव्या कानात संसर्ग निघाला, थेंब सुरू आहेत. डोक्याला हात लावू देत नव्हती ते बहुतेक त्यामुळेच, आता लावू देते. पण शिट्टी झाली की दिवाण कायम आहे.

टॉवेलचा खेळ तिला फार आवडला. सासूबाईच आता घड्या घालून देतात, आणि मला न सांगता त्यात पोळीचे तुकडे टाकतात. पहाटे सिव्हिल लाइन्सला नेतो. पहिल्यांदाच तिने शेपूट वर करून झाडं हुंगली.

दोन प्रश्न. युट्यूबवर फटाक्यांचे आवाज आहेत, ते लावून सवय करायची असं वाचलं. कसं करायचं? आणि हेल्मेटचं काय? घरात दोघंही टू-व्हीलरवाले आहोत.

निळी_छत्री | २२ जुलै

कान सापडला हे फार बरं झालं.

आवाजाचं सांगते. फोन दुसऱ्या खोलीत, दार लोटलेलं, आवाज इतका कमी की तुम्हाला कान द्यावा लागेल. कुत्र्याचं ऐकणं आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. आपण साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, ती ४५,००० च्या आसपास. तिने कान नुसता फिरवला आणि पुन्हा आपल्या कामाला लागली, एवढाच आवाज हवा. दर वेळी आवाज आधी, खाऊ नंतर. आवाज झाला की लगेच, एक-दोन सेकंदांत, पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा. हा क्रम उलटा झाला तर गंमत होते. तुम्ही पनीर काढता, मग धडाम होतं, असं चार वेळा झालं की कुत्रं पनीर बघूनच पळतं. मी असं एक बीगल पाहिलं आहे, फ्रीज उघडला की गॅलरीत.

तिने 'बस' केल्यावर खाऊ, असंही करू नका. तिने काहीच करायचं नाही. आवाज झाला की काहीतरी झकास मिळतं, एवढंच तिच्या डोक्यात बसायला हवं. हे आज्ञापालन नाही, भावना बदलणं आहे, आणि ट्रेनर लोकांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. चार-पाच मिनिटं करा आणि थांबा. आवाज वाढवायचा तो ती आवाज ऐकून तुमच्याकडे आशेने बघायला लागेल तेव्हा. तोवर नाही.

याची एक मर्यादा आहे. फोनच्या स्पीकरमधून सुतळी बॉम्बचा दणका, जमिनीचा हादरा, फटाक्यांच्या दारूचा वास, खिडकीतला उजेड यातलं काही येत नाही. रेकॉर्डिंगला अजिबात न बधणारी कुत्री खऱ्या फटाक्याला घाबरू शकतात. तरी पाया म्हणून उपयोग होतो. आणि ज्या दिवसांत हा सराव चालू असेल तेव्हा खऱ्या आवाजांत तिला नेऊ नका.

हेल्मेट तर सोपं आहे, कारण ते तुमच्या ताब्यात आहे. हॉलच्या कोपऱ्यात नुसतं ठेवून द्या, आजूबाजूला खाऊ विखुरलेला. ती आपणहून हुंगेल. मग तुमच्या हातात. मग तुम्ही खाली बसून, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून, डोक्यावर टेकवल्यासारखं. मग घालून, काच वर, बोलत बोलत. मग उभं राहून. मग दारातून आत येताना. एखाद्या पायरीवर ती अडली तर मागची पायरी. घाई कशाची आहे?

धंतोली_१९५८ | २२ जुलै

छत्रीताई, घंटा आधी आणि मांस नंतर, हा रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हचा कुत्र्यांवरचा प्रयोग झाला. मी बत्तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, तेव्हा या भागात मला थोडं बोलू द्या. पावलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या संशोधनासाठी, कुत्र्यांच्या शिकण्यासाठी नव्हे, हे विद्यार्थी कायम चुकवत. पण मला सांगायचं आहे ते १९२४ चं. त्या वर्षी लेनिनग्राडला नेव्हा नदीचा मोठा पूर आला. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्र्यांची नाकं तेवढी पाण्यावर होती, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्यांना पोहत बाहेर काढलं. पूर ओसरल्यावर दिसलं की काही कुत्री महिनोन्महिने शिकवलेलं सगळं विसरली आहेत. त्यांतल्या एकाचं शिक्षण बऱ्याच काळाने पुन्हा जागेवर आलं. मग प्रयोगाच्या खोलीत दाराखालून नुसतं पाणी सोडलं, तर ते पुन्हा कोसळलं.

तेव्हा कुरवाळण्याबद्दलचं माझं मत मी अजून बदललेलं नाही. पण या मुलीने दिवाळीपर्यंत जे कमावलं असेल ते लक्ष्मीपूजनाच्या एका रात्रीत वाहून जाऊ शकतं. त्या रात्रीचा बंदोबस्त वेगळा करा.

निळी_छत्री | २२ जुलै

काका, हे मला माहीत नव्हतं. असं अजून लिहा.

बेसा_टू_बुटीबोरी | ३० जुलै

धाग्यात मध्येच घुसतो, माफी. आमचा लॅब्राडोर शेरू आवाजाला घाबरत नाही, पण आम्ही दोघं ऑफिसला गेलो की भुंकत राहतो, दाराची चौकट कुरतडून टाकली. सोसायटीने नोटीस दिली की कुत्रं काढा नाहीतर फ्लॅट सोडा. बेसा भागात कोणी चांगला ट्रेनर आहे का?

निळी_छत्री | ३० जुलै

वेगळा धागा काढा, हा विषय मोठा आहे. तोवर थोडक्यात. जुना फोन कॅमेरा म्हणून लावून जा आणि बघा. दोन तास झोपून मग कंटाळून कुरतडतो, का तुम्ही लिफ्टमध्ये शिरेपर्यंतच धापा टाकत दाराशी फेऱ्या मारायला लागतो? पहिला प्रकार व्यायामाने आणि खेळांनी सुटतो. दुसरा म्हणजे एकटेपणाची खरी भीती. त्यात दाराबाहेर काही सेकंद जाऊन परत येण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तो सराव चालू असताना त्याला एकटा सोडायचाच नाही. आजी, मैत्रीण, डे-केअर, काहीही. चावी उचलणं, बूट घालणं हे दिवसातून अनेकदा उगीचच करा आणि परत सोफ्यावर बसा. आणि डॉक्टर म्हणाले ती रोजची औषधं याही बाबतीत वापरतात.

नोटिशीला घाबरू नका. पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि भुंकणं हे कुत्रं काढायला लावण्याचं कारण होत नाही. पण शेजाऱ्यांना त्रास होतोय हेही खरं. त्यांना भेटा, काय करताय ते सांगा. कायदा दाखवून शेजार टिकत नाही.

ट्रेनरचं नाव देत नाही. आपल्याकडे ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही, उद्या मीही बोर्ड लावू शकते. एकच प्रश्न विचारा: 'कुत्र्याने चुकीचं केलं तर तुम्ही काय करता?' उत्तरात चोक चेन, झटका, नाक दाबणं, उलथं पाडून धरणं यातलं काही आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणाला तरी ठेवा.

सावजी_रस्सा | २४ ऑगस्ट

काल मारबत झाली राजेहो. आमच्या घरावरून काळी मारबत जाते, म्हणजे बडग्यांचे पुतळे, ढोल, पोट्ट्यांचा आरडाओरडा, 'घेऊन जा गे मारबत' सगळं दारातच. आमचा टिपू दरसाल पलंगाखाली मुतते. यावर्षी म्या धागा वाचून डोकं लावलं. सकाळीच त्याले मधल्या खोलीत नेलं, खिडकीले गादी लावली आणि लोखंडी कूलर सुरू केला. पानी नाई टाकलं, नुसता पंखा फुल्ल. त्या कूलरचा घरघराट असा हाय की माह्या बायकोचा आवाज मले येत नाई, तं ढोल काय येते! टिपू कूलरसमोर आडवा. एकदा उठला, कान टवकारले, कलेजीचा तुकडा देल्ला, परत आडवा. मुतला नाई.

लोक पाऊस पडला की कूलर काढून गच्चीवर टाकते. म्या सांगतो, घरात कुत्रं असन तं दिवाळी होऊ द्या, मंग काढा.

निळी_छत्री | २४ ऑगस्ट

हा नागपुरी उपाय मला कसा सुचला नाही! बाहेरचे लोक यासाठी महागडी मशीन घेतात. कूलरची घरघर खोल आणि सलग असते, त्यामुळे दणक्याची धार कमी होते. एकच काळजी, मिरवणुकीच्या दिवशी एकदम फुल्ल लावू नका. आधी काही दिवस दुपारच्या झोपेच्या वेळी लावत जा, म्हणजे कूलर म्हणजे आराम असं बसतं. काही कुत्री कूलरलाच घाबरतात, ते आधी कळलेलं बरं.

कडुलिंब | ७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आमच्या गल्लीत डीजे होता. बुंदी मधल्या खोलीत, पडदे ओढलेले, कूलर चालू. घाबरली, खोटं कशाला सांगू, पण दिवाणाखालून बाहेर येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पूर्वी ती अशा वेळी कोणाकडेच यायची नाही. काका, मी कुरवाळलं बरं का.

हेल्मेट संपलं. नवरा हेल्मेट घालून आत आला तर ती त्याचा खिसा हुंगते. कुकरचं अर्धवट आहे. रिकाम्या कुकरचं झाकण खडखडलं तर शेपूट हलवते, खऱ्या शिट्टीला अजून उठून जाते, पण दिवाणाखाली नाही, फक्त बेडरूममध्ये. रेकॉर्डिंगचे फटाके मध्यम आवाजापर्यंत आले आहेत. मध्ये एकदा विमान आणि रेकॉर्डिंग एकाच वेळी झालं, तेव्हा चार पायऱ्या खाली जावं लागलं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं मात्र काय करायचं कळत नाही. कोपऱ्यावरची टोळी धावून येते आणि तिची सगळी मेहनत पाण्यात.

गोठ्यातला_डॉक्टर | ८ सप्टेंबर

टोळीची वेळ ओळखा. रात्रभर जागलेली असतात, सकाळी ऊन वर आलं की पसरतात, तेव्हा निघा. खिशात मूठभर स्वस्त दाणे ठेवा. धावून आली की त्यांच्या दिशेने लांब फेका आणि तुम्ही वळून सरळ चालू लागा, पळू नका. काठी उगारलीत की बुंदीला तुमचीच भीती बसेल. आणि रेबीजची लस झालेली आहे ना, ते कार्ड काढून बघा. कधीची आहे ते नुसत्या आठवणीवर ठेवू नका.

निळी_छत्री | १० ऑक्टोबर

दिवाळी जवळ आली, म्हणून पुन्हा वर काढते. काकांनी सांगितलेला 'वेगळा बंदोबस्त'.

दिवाळीत कुत्री हरवतात ती बहुतेक दोन ठिकाणांहून, उघड्या दारातून आणि निसटलेल्या पट्ट्यातून. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं काढतं. म्हणून छातीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, प्रत्येकाला वेगळी दोरी, त्या दोन्ही तुमच्या हातात. फोन नंबरची पट्टी आजच घाला. फराळाला येणाऱ्यांसाठी दार उघडायच्या आधी तिची खोली बंद आहे का बघायचं, हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

फिरणं दुपारी चारच्या आत उरका, जेवणही लवकर. संध्याकाळी सातनंतर शू लागली तर गच्चीवर किंवा मागच्या अंगणात, तिथेही दोरी लावूनच. अधिकृतपणे रात्री १० ते सकाळी ६ फटाक्यांना बंदी आहे, पण घड्याळावर विसंबू नका, आपल्या गल्लीतली पोरं ओळखा. शेजारच्या मुलांना आधीच जाऊन भेटा. 'बुंदी घाबरते, तुमच्या लडी त्या टोकाला लावाल का?' एवढं म्हटलं तर निम्मी मुलं ऐकतात. बुंदीला ओळखत असतील तर सगळीच.

त्या रात्री सराव नाही. ती खात असेल तोवर मात्र प्रत्येक दणक्यानंतर लगेच तुकडा. बर्न विद्यापीठातल्या स्टेफानी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून २०२० मध्ये एक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. दणका झाला की लगेच खाऊ किंवा खेळ, हे करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी उपयोग झाला असं सांगितलं. लोकांनी सांगितलेलं आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही, पण करायला काय लागतं? खाणं थांबलं तर तुम्हीही थांबा आणि नुसत्या जवळ बसा.

डॉक्टरांनी प्रसंगापुरतं औषध दिलं असेल तर ते फटाके सुरू होण्याआधी. घाबरून झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

कडुलिंब | ११ ऑक्टोबर

औषधाची चाचणी परवा शांत दिवशी करून घेतली. थोडी पेंगली, जेवली, बाकी काही नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलांना भेटले. एकाने विचारलं, 'काकू, तिला फुलबाजी चालते का?' म्हटलं, तीही जरा लांबच लाव बाबा.

कडुलिंब | २५ ऑक्टोबर

झाली दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठ ते साडेअकरा वाईट होतं. औषध साडेसहाला दिलं होतं. पहिले दणके तिने कूलरसमोर बसून पनीर खात काढले. नऊच्या सुमारास समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी मोठी माळ लावली, तेव्हा खाणं सुटलं आणि ती दिवाणाखाली गेली. मी फरशीवर पालथी पडून हात आत घालून ठेवला. थरथरत होती, पण लाळ नाही, आणि माळ थांबल्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तर गेटपर्यंत स्वतः आली. नवरा म्हणतो सवय झाली. मी काही बोलले नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर अगदी खालच्या आवाजालाही उठून गेली. काका, तुमचा पूर. म्हणजे आता परत खालून सुरुवात ना?

धंतोली_१९५८ | २५ ऑक्टोबर

पहिले आठ-दहा दिवस काहीच नको. नंतर खालून. यावेळी लवकर वर येईल, पुन्हा शिकणं पहिल्यापेक्षा जलद होतं. ते मात्र प्रयोगांत पुष्कळदा दिसलं आहे.

वर्धा_रोड_वाली | २७ ऑक्टोबर

पूर्ण धागा वाचून काढला. आमच्या घरामागे लग्नाचं लॉन आहे आणि तुळशीचं लग्न झालं की तिथे एक दिवसाआड वरात. आमचा मोगली अजून पिल्लू आहे, पाच महिन्यांचा, आत्ताशी फक्त कान टवकारतो. काही करायची गरज आहे का, का वाट बघू?

निळी_छत्री | २७ ऑक्टोबर

वाट बघू नका, सगळ्यात सोपी वेळ हीच आहे. लॉनच्या मॅनेजरकडून बुकिंगच्या तारखा आणि वरात दारात यायची वेळ विचारून घ्या, ते सांगतात. गोरज मुहूर्त असेल तर बँड संध्याकाळी, म्हणजे त्याचं रात्रीचं जेवण त्याच वेळी ठेवा. बँड सुरू झाला की जेवण येतं, बँड थांबला की ताटली उचलली. पहिल्या दिवशी घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत करा. वरात दारात आली की माळ लावतात, त्या आधी दारं-खिडक्या बंद. कान मागे गेले किंवा जेवण अर्धं सोडलं तर इथे लिहा.

सावजी_रस्सा | २७ ऑक्टोबर

आणि कूलर गच्चीवर टाकला असन तं खाली आना.